माझ्यादेखत मोजा

रात्रीची बस सुटायला दहा मिनिटं होती आणि मी प्रतीक्षालयातल्या बाकाखाली वाकून, पिशवी तिसऱ्यांदा उलटीपालटी करून पैशांची कापडी थैली शोधत होते. तिकीट होतं, ओळखपत्र होतं, थैली नव्हती. अशा वेळी माणूस शोधत नसतो, नुसता चाचपत असतो. जिथे वस्तू असूच शकत नाही, तिथेही हात घालतो. तेवढ्यात स्वच्छतागृहाच्या बाजूने हातात झाडू घेतलेली एक बाई आली. "ही तुमची का?" तिने विचारलं. थैली तिथल्या नळाजवळच्या कट्ट्यावर राहिली होती. मी हात पुढे केला, पण तिने ती लगेच दिली नाही. आधी विचारलं, आत काय काय आहे. मी सांगितलं: नोटा, एक किल्ली, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. मग तिने थैली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ताई, माझ्यादेखत मोजा."

मला फार अवघडल्यासारखं झालं. "अहो, मोजायचं काय त्यात? विश्वास आहे तुमच्यावर." "विश्वासाचं नाही ओ. मोजून घ्या." बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मी तिचे आभार मानले, थोडे पैसे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत, आणि मी धावत बसमध्ये चढले. जागेवर बसल्याबसल्या, बस आवाराबाहेर पडायच्या आत, मी थैली उघडून नोटा मोजल्या.

तीन कमी भरल्या.

कमी भरल्या, की मुळात तेवढ्याच होत्या? त्या संध्याकाळी मी दोन-तीन ठिकाणी पैसे दिले होते. एका ठिकाणी सुटे नव्हते म्हणून मोठी नोट मोडली होती. उरलेले पैसे थैलीत टाकले की पिशवीच्या कप्प्यात, ते आठवेना. मी कप्पे पाहिले, मनात हिशेब पुन्हा मांडला, तो कधी जुळला, कधी नाही जुळला. आजही मला उत्तर माहीत नाही. पण त्या तीन नोटांचा विषय मनात आला की चेहरा तिचाच येतो. मोडलेली नोट, उरलेले सुटे, माझा विसराळूपणा, यांपैकी कशालाच चेहरा नाही. म्हणून संशय जाऊन बसला तो चेहरा असलेल्या एकुलत्या एक माणसावर, आणि तोही मला माझे पैसे आणून देणाऱ्या.

तिने मोजायला सांगितलं ते नेमकं हेच टळावं म्हणून. मी भिडेपोटी तिचं म्हणणं मोडलं आणि तिच्या पाठीमागे तिची झडती घेतली, जिथे तिला एक शब्दही बोलता येणार नव्हता.

मराठीत संशय आणि शहानिशा असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांची क्रियापदंही वेगळी आहेत. संशय आपण घेतो, शहानिशा करतो. संशय एकट्याने, मनातल्या मनात घेता येतो. त्याला साक्षीदार लागत नाही, पुरावा लागत नाही, शेवटही लागत नाही. शहानिशेला दोन्ही बाजू समोर असाव्या लागतात आणि ती कुठेतरी संपते. हरवलेली रक्कम परत मिळते तेव्हा आपण बहुतेक वेळा शहानिशा टाळतो, कारण ती अपमानकारक वाटते, आणि संशय मात्र जपून घरी नेतो, कारण तो कुणाला दिसत नाही. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. पैसे आणून देणाऱ्याच्या समोर ते मोजायलाच हवेत. आणि एकदा मोजून झाल्यावर त्याच्याबद्दल मनात काही शिल्लक ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

प्रवाशाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. रोजच्या जगण्यात पाकिटात साधारण किती आहे याचा अंदाज असतो. प्रवासात पैसा तीन-चार ठिकाणी विभागलेला असतो, वाटेत सतत थोडाथोडा खर्च होत असतो, झोप अपुरी असते, आणि परदेशात असलो तर नोटांचे रंग-आकारसुद्धा नीट ओळखीचे नसतात. म्हणजे 'आत इतके होते' हा जो आकडा आपण मनात धरून बसतो, तोच सगळ्यात कच्चा असतो. तरी आपण तो पक्का मानतो आणि त्याच्याशी न जुळणारी रक्कम दिसली की समोरच्याकडे पाहतो. स्वतःच्या स्मरणशक्तीची उलटतपासणी आपण कधी घेत नाही.

दुसरी बाजू अशी की प्रवाशाचे पैसे परत करणाऱ्याला त्यातून मिळण्यासारखं फारसं काही नसतं. ओळखीच्या माणसाची वस्तू परत देण्यात शेजारधर्म असतो, चार लोकांत अब्रू वाढण्याचं समाधान असतं, उद्या आपलं काही हरवलं तर तोही देईल असा व्यवहारही असतो. प्रवासी तासाभराने निघून जाणार असतो. तो पुन्हा दिसणार नाही, कुणाला सांगणार नाही, कदाचित त्याची भाषाही येत नसते. तरीही त्याच्यामागे धावत जाऊन पाकीट देणाऱ्या माणसाच्या हेतूत सगळ्यात कमी भेसळ असते. आणि नेमका इथेच आपला संशय सगळ्यात जास्त, कारण माणूसही अनोळखी आणि गावही.

'आम्ही अनुभवाने शहाणे झालो आहोत' असं संशयाच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. पण अनुभव एखाददुसरा असतो आणि ग्रह मात्र जगभराबद्दल असतो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात अॅलन कोन, मिशेल मारेशाल, डेव्हिड टॅनेनबॉम आणि ख्रिश्चन झ्युंड यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत मिळून १७,३०३ पाकिटं त्यांनी बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं, नाट्यगृहं, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली. 'हे रस्त्यावर सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघाल का' एवढं सांगून देणारा निघून जाई. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेली कार्डं, एक किल्ली, सामानाची यादी. काहींत पैसे नव्हते, काहींत स्थानिक चलनात सुमारे १३ डॉलरइतकी रक्कम होती.

पैसे नसलेल्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांबद्दल मालकाला कळवण्यात आलं. पैसे असलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के निघालं. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत त्यांनी रक्कम वाढवून ९४ डॉलरच्या आसपास नेली, तर ते तिथल्या ६१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. रक्कम जितकी मोठी, तितकी परत करण्याची ओढ जास्त. ४० पैकी ३८ देशांत पैसे असलेली पाकिटंच अधिक प्रमाणात परत आली. हे होईल असा अंदाज आधी कुणाचा नव्हता. सामान्य लोकांना विचारलं तर ते म्हणाले की पैसे वाढले की प्रामाणिकपणा घटेल, आणि अर्थतज्ज्ञांचा अंदाजही चुकला.

मला यातला किल्लीचा भाग फार बोलका वाटतो. किल्ली परक्याच्या काही उपयोगाची नसते, ती फक्त मालकाच्या कामाची. काही पाकिटांतून किल्ली काढून ठेवली तेव्हा परत येण्याचं प्रमाण घसरलं. म्हणजे लोक पाकीट हातात घेऊन पलीकडच्या माणसाचा विचार करत होते, घराच्या दाराशी खोळंबलेला कुणीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता. आणि रक्कम मोठी असली की आणखी एक गोष्ट घडत असावी, असं संशोधकांना दिसलं: थोडे पैसे ठेवून घेतले तर 'राहिलं' म्हणता येतं, जास्त ठेवले तर स्वतःला चोर म्हणावं लागतं. ते सहन होत नाही. माझ्या थैलीच्या बाबतीतही असंच काही झालं असेल का, हे मला माहीत नाही. पण त्या बाईच्या 'मोजून घ्या' मध्ये मला आता हाच आवाज ऐकू येतो.

या प्रयोगाचीही शहानिशा करायला हवी, नाहीतर मीच माझं म्हणणं मोडेन. पाकिटं काउंटरवरच्या नोकरदारांना दिली होती. त्यांच्यावर कामाच्या जागेचं बंधन असतं, आजूबाजूला सहकारी असतात. निर्मनुष्य रस्त्यावर सापडलेल्या पाकिटाचं काय होईल हे त्यातून थेट कळत नाही. शिवाय मालकाला ईमेल केला तरच तो प्रामाणिकपणा धरला होता. चीनमध्ये नंतर झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की अनेकांनी ईमेल केला नाही, पण पाकीट मालक येईल म्हणून नीट सांभाळून ठेवलं होतं. म्हणजे न कळवणारा प्रत्येक जण ठेवून घेणारा नव्हता. आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं असं की पाकिटातली नावं आणि यादीची भाषा मुद्दाम स्थानिक ठेवली होती. तो मालक प्रवासी नव्हता. तेव्हा 'परक्या पाहुण्यालाही लोक असंच वागवतील' असं त्या आकड्यांतून काढणं घाईचं ठरेल.

'रीडर्स डायजेस्ट'ने २०१३ साली १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं रस्त्यांवर, बागांत टाकून पाहिली होती. प्रत्येकात ५० डॉलरइतकी रक्कम. १९२ पैकी ९० परत आली, निम्म्याहून किंचित कमी. हेलसिंकीत १२ पैकी ११, मुंबईत ९, लिस्बनमध्ये फक्त १. बारा पाकिटांवरून शहरांची प्रतवारी लावणं मला पटत नाही, पण लिस्बनमधलं ते एकच पाकीट लक्षात राहिलं. ते परत करणारं साठीतलं जोडपं लिस्बनचं नव्हतंच, नेदरलँड्सहून फिरायला आलं होतं. प्रवासी नेहमी हरवणाराच असतो असं आपण धरून चालतो. दुसऱ्याचं हरवलेलं त्यालाही सापडतं.

२०२५ च्या जागतिक आनंद अहवालात हाच विषय मोठा करून घेतला आहे. हरवलेली पाकिटं परत येण्याचं खरं प्रमाण लोकांच्या अंदाजाच्या साधारण दुप्पट असतं, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे आपला संशय वास्तवाच्या मापाचा नाही. तो ढगळ आहे, आणि त्याची झळ आणून देणाऱ्याला लागते.

ही झळ कशी लागते ते सांगायला हवं, कारण संशयाने कुणाचं काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. वाटेत पाकीट पडलेलं दिसलं आणि तरी उचललं नाही, असं सांगणारी माणसं मला अनेक भेटली आहेत. त्यांतल्या एकानेही 'मोह होईल म्हणून' असं कारण दिलं नाही. सगळ्यांचं कारण एकच: "उद्या म्हणाल, यात जास्त होते." ही भीती हवेतली नाही. अनेक पर्यटनस्थळी चालणारी एक जुनी फसवणूक याच भीतीवर उभी आहे. समोर कुणीतरी पाकीट पाडतो. आपण उचलून द्यायला गेलो की तो उघडून पाहतो, आत पैसे कमी आहेत असा ओरडा करतो, आणि त्याचाच साथीदार साक्षीला उभा राहतो. भल्या माणसाने एकदा असा अनुभव घेतला की पुढचं पाकीट तो पायाने बाजूला सारतो.

फसवणूक नसली तरी हेच घडतं. खिसेकापू पैसे काढून पाकीट कोपऱ्यात फेकतो. दुसऱ्या कुणाला ते सापडतं, तो आतलं कार्ड पाहून पत्ता शोधतो, स्वतःचा वेळ घालवून आणून देतो. मालक पाकीट उघडतो आणि पहिलं वाक्य बोलतो: "आणि पैसे?" त्या दोन शब्दांनंतर आणून देणाऱ्याला जे वाटतं त्याची भरपाई मागाहून केलेल्या कोणत्याही आभारांनी होत नाही. चोर कधीच निघून गेलेला असतो. उभा असतो तो आणून देणारा, म्हणून जाब त्याला.

हरवलेली वस्तू मालकाकडे परत येईपर्यंत किती हातांतून जाते, याचा आपण विचार करत नाही. विमानातल्या आसनाच्या खाचेत राहिलेलं पाकीट सफाई करणाऱ्याला सापडतं, तो पर्यवेक्षकाकडे देतो, तिथून ते हरवलेल्या वस्तूंच्या कक्षात, तिथून मालकाला. वाटेत कुठेही एक नोट सरकू शकते, आणि दोष बहुधा साखळीतल्या सगळ्यात दुबळ्या कडीला दिला जातो. १७२२ साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला, कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. तो काय आहे हे कळावं म्हणून तो सोनाराच्या दुकानात घेऊन गेला. दुकानातल्या शिकाऊ कामगाराने वजन करण्याच्या निमित्ताने खडे काढून घेतले. पोराला किरकोळ पैसे देऊ केले, त्याने नाकारले आणि वस्तू परत मागितली, तर हातात आलं रिकामं कोंदण. न्यायालयाने पोराच्या बाजूने निकाल दिला: खरा मालक सोडला तर ज्याला वस्तू सापडली त्याचा हक्क बाकी सगळ्यांहून वरचा. सोनाराने खडा दाखवला नाही तर त्या कोंदणात बसेल असा सर्वोत्तम खडा होता असं धरून भरपाई ठरवा, असं ज्युरींना सांगितलं गेलं. काजळीने माखलेलं पोर आणि प्रतिष्ठित दुकान, यांत पहिला संशय कुणावर गेला असता? तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशाने तो घेतला नाही. त्याने खडा कुणाच्या हातून गेला ते पाहिलं.

हाच वर्गभेद आजच्या बातम्यांमध्येही आहे आणि तो मला खुपतो. टॅक्सीचालकाने, हमालाने, सफाई कामगाराने पैसे परत केले की 'प्रामाणिकपणा अजून जिवंत आहे' असा मथळा येतो. बँकेच्या व्यवस्थापकाने परत केले तर येत नाही, कारण त्याच्याकडून तीच अपेक्षा असते. मग पहिल्याकडून काय अपेक्षा होती? त्या कौतुकाच्या पोटात 'गरीब असूनही' हे दोन शब्द दडलेले आहेत. आश्चर्यसुद्धा संशयाचंच एक रूप असतं, फक्त त्याच्या हातात हार असतो.

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनमधल्या एका बेघर माणसाला पाठीवरची पिशवी सापडली. आत दोन हजार चारशे डॉलर रोख आणि सुमारे चाळीस हजार डॉलरचे प्रवासी धनादेश. त्याने पोलिसांना हाक मारली आणि पिशवी त्यांच्या हवाली केली. पोलिसांनी त्याचा सत्कार केला, अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी एक लाखाहून अधिक डॉलर जमवले. मला त्या निधीबद्दल आनंदच आहे. पण तो निधी त्याला बेघर म्हणून मिळायला हवा होता की प्रामाणिक बेघर म्हणून, हा प्रश्न मला सोडत नाही. आणि अशा गोष्टींची भूक लागली की काय होतं, ते २०१७ मध्ये दिसलं. अमेरिकेत एका बेघर माणसाने रस्त्यात गाडी अडलेल्या बाईला आपल्याकडचे शेवटचे वीस डॉलर दिले, अशी कहाणी पसरली आणि चार लाखांहून अधिक डॉलर गोळा झाले. कहाणी रचलेली होती. ती रचणाऱ्या तिघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. म्हणून कहाणी ऐकताना जरूर शंका घ्यावी: कोण सांगतंय, पैसे कुणाच्या खात्यात जमा होताहेत, मूळ मालक कुठे आहे? शंका घ्यायची ती कहाणीची. त्या फसवणुकीचा सूड पुढच्या आणून देणाऱ्यावर उगवायचा नाही.

मग करायचं काय, याचं उत्तर चांगुलपणाच्या प्रवचनात नाही, पावतीत आहे. जपानबद्दल लोक भारावून बोलतात. २०११ च्या त्सुनामीनंतर वाहून आलेल्या ५,७०० तिजोऱ्या लोकांनी पोलिसांकडे जमा केल्या, हे ऐकून भारावणं साहजिकही आहे. पण ते सगळं 'त्यांच्या रक्तातच आहे' म्हणून सोडून दिलं की आपण काही शिकत नाही. तिथे पोलिसांची छोटी चौकी हाकेच्या अंतरावर असते. वस्तू दिली की नोंद होते आणि देणाऱ्याला कागद मिळतो. सापडलेली वस्तू सात दिवसांत, आणि दुकान किंवा स्थानकाच्या आवारात सापडली असेल तर चोवीस तासांत, जमा केली तर देणाऱ्याचे हक्क शाबूत राहतात: मालक सापडल्यास रकमेच्या ५ ते २० टक्के बक्षीस (आवारात सापडली असेल तर त्याच्या निम्मं), आणि तीन महिन्यांत न सापडल्यास ठरावीक अपवाद सोडून ती वस्तूच त्याची. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, २००७ च्या डिसेंबरपासून तीनवर आली. मार्क वेस्ट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्येच टोकियो आणि न्यूयॉर्कची तुलना करून सांगितलं होतं की या प्रामाणिकपणामागे नीट बसवलेली व्यवस्था आहे. जर्मनीच्या नागरी संहितेतही वस्तू सापडलेल्या माणसाचा मोबदला ठरलेला आहे: ५०० युरोपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या रकमेला ३ टक्के. १८७२ चा भारतीय करार कायदा वस्तू सापडलेल्या माणसाला मोबदल्यासाठी दावा लावू देत नाही, पण त्रासाची आणि खर्चाची भरपाई मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवू देतो, आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही करू देतो.

'बक्षिसासाठीच परत केलं असेल' असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. असेल, तर त्यात वाईट काय? ज्याने आपला वेळ घालवला त्याला कायदा स्वतः काहीतरी द्यायला सांगतो. आपले पैसे पूर्ण आले की नाही हे तपासणं आपलं काम आहे. त्याच्या अंतःकरणात शिरून हेतू तपासणं आपलं काम नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ४०३ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात हे फार समजूतदारपणे लिहून ठेवलं होतं: मालकासाठी सांभाळण्याच्या किंवा त्याला परत देण्याच्या हेतूने बेवारस वस्तू उचलणारा गुन्हेगार नाही. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती वापरून टाकणारा गुन्हेगार आहे. २०२४ च्या जुलैपासून या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तिथे हा विषय ३१४ व्या कलमात आहे. उचलणं आणि लाटणं यांतला फरक कायद्याला केव्हाचा कळलेला आहे.

समोर मोजणं म्हणजे अविश्वास दाखवणं, हा आक्षेप मला माहीत आहे, कारण त्या रात्री तो माझाच होता. पण बँकेत रोखपाल आपल्यादेखत नोटा मोजतो, आपण त्याच्यादेखत मोजतो, दोघांपैकी कुणाचाही अपमान होत नाही. मोजणं अपमानकारक तेव्हाच वाटतं जेव्हा ते लपून केलं जातं. आणि त्या बाईने आधी मलाच तपासलं होतं, हे मी कितीतरी उशिरा लक्षात घेतलं. आत काय आहे हे सांगितल्याशिवाय तिने थैली सोडली नाही. ती शहानिशा होती, माझ्या हिताची होती, आणि मला क्षणभरही राग आला नव्हता. तिने माझी खात्री करून घेतली आणि तितक्याच सहजपणे स्वतःची करून द्यायला उभी राहिली. सगळी रीत तिला ठाऊक होती. मोडली मी.

फोन करून 'तुमचं पाकीट सापडलंय, पाठवायला आधी एवढे पैसे भरा' म्हणणाऱ्याशीही हीच रीत पुरते. आत काय आहे विचारा, भेट पोलीस ठाण्यात किंवा एखाद्या कार्यालयाच्या काउंटरवर ठरवा. खऱ्या माणसाला त्यात अडचण नसते, आणि खोटा आपोआप गळतो.

गेल्या वर्षी एका प्रवासात मला आसनाखाली एक जाडसर पाकीट सापडलं. उतरल्यावर मी ते चौकशी खिडकीवर नेलं. आतल्या माणसाने ते न उघडता खण ओढला. मी म्हटलं, मोजू या. "राहू दे मॅडम, मालक आला की देऊ." मी म्हटलं, माझ्यादेखत मोजा. त्याला ते आवडलं नाही. मागे रांग होती, रांगेतलेही वैतागले. शेवटी त्याने मोजले, मी मोजले, वहीच्या कागदावर कोणत्या नोटा किती ते लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. एक कागद पाकिटात, त्यावर माझा नंबर, आणि एक माझ्याकडे.

दोन दिवसांनी फोन आला. बोलणारा वयाने मोठा वाटत होता, भारावून आभार मानत होता. मग थोडा थांबला. माझ्या लक्षात आलं की तो आता काय विचारणार आहे, आणि ते विचारताना त्याला किती अवघड जातंय तेही.

"वाईट मानू नका हं," तो म्हणाला, "पण त्यात एवढेच होते का?"

"थांबा, माझ्याकडे कागद आहे," मी म्हणाले, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तो प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत होता. मधेच त्याने पलीकडे कुणाला तरी विचारलं, आपण त्या दिवशी तिकिटाचे पैसे कशातून दिले होते गं?